वेगात पाणी बारीक होतं

प्रिय भिंगरी,

हे नाव मी आज पहिल्यांदाच कागदावर लिहितो आहे. तोंडाने आयुष्यभर हाका मारल्या, पण लिहायची वेळ आली नाही, कारण तू कधी लांब गेलीच नाहीस. आताही लांब नाहीस. माझ्या खोलीच्या खिडकीतून तुझ्या शेडचं निळं छप्पर दिसतं. वारा सुटला की त्याचा एक पत्रा वाजतो तोही ऐकू येतो. त्याला खिळा मारा म्हणून सांगून सांगून मी थकलो, ते वेगळंच. तरी पत्र लिहायची पाळी आली. फोन तू उचलत नाहीस. कधी चुकून लागला तर जावईबापू घेतात आणि म्हणतात, बाबा, उद्याची चाचणी तेवढी पार पडू दे, मग तुमचं सगळं निवांत ऐकतो. आवाज मधाळ आहे त्यांचा. तिकिटाच्या खिडकीला शोभतो. माणसाला वाटतं आपलं ऐकून घेतलं, आणि फोन ठेवल्यावर कळतं की आपण काही बोललोच नव्हतो. म्हणून हे पत्र धक्क्यावरच्या चहावाल्या बाईकडे ठेवतो आहे. संध्याकाळी काम आटोपल्यावर तू तिच्याकडे येतेस हे मला ठाऊक आहे. तिला बजावून ठेवलंय, चहा आधी दे, पत्र नंतर. रिकाम्या पोटी तू माझं काही वाचायची नाहीस.

अक्षराकडे बघू नकोस. सहावीनंतर मी शाळा सोडली, आणि शाळेनेही काही मला अडवलं नाही. त्यात एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला आहे आणि दुसऱ्याचा डॉक्टर म्हणतो पिकू दे. पिकू दे म्हणजे काय, तो काय आंबा आहे? पण डॉक्टरला कोण विचारणार. तूच मागे म्हणालीस ना, बाबा, तुम्ही डॉक्टरला इतके प्रश्न विचारता की तो बिचारा स्वतःची नाडी बघायला लागतो. बाहेर थांबलेली सगळी माणसं हसली होती. मीही हसलो. मला आठवतं तेव्हापासून माझ्यावर विनोद झाला की मी सगळ्यांच्या आधी हसतो. फार जुनी सवय. तुझ्या आईने माझं नाव काळजीवाहू सरकार ठेवलं होतं. पडलेलं सरकार, हातात अधिकार काही नाही, नुसती काळजी वाहायची. ती म्हणायची तेव्हा त्यात लाड होता. तुम्ही दोघं म्हणता तेव्हा त्यातला ‘पडलेलं’ एवढाच भाग ऐकू येतो.

आता मूळ गोष्टीवर येतो. बोट तापते आहे. मला माहीत आहे की हे वाचून तू कागद खाली ठेवणार, डोळे वर करणार आणि म्हणणार, आलं पुन्हा तेच. ठेव खाली. चहाचा एक घोट घे. पण मग परत उचल. गेल्या मोसमाच्या शेवटी पहिल्यांदा उष्णतेचा काटा वर चढला तेव्हा ते मलाच दिसलं होतं, आणि त्याबद्दल मला कुणी शाबासकी द्यावी असं मी म्हणत नाही, कारण त्यानंतर मी जे जे बोललो ते सगळं चुकलं. हे मी मान्य करतो. मी म्हणालो, खालची जाळी तुंबली असणार. बोटीच्या पोटाखालून पंप पाणी ओढतो तिथे शेवाळ नाहीतर गोटा अडकला असणार. ऐन गर्दीच्या दिवशी तुम्ही बोट वर काढलीत, आणि जाळीत काय निघालं तर एका लहान मुलाचा मोजा. तोही कोपऱ्यात. त्याने उंदीरसुद्धा अडला नसता. मग मी म्हणालो, थर्मोस्टॅट बसला असेल. तो बदलला. ताप तसाच. मग मी हट्ट धरला की इंजिनाच्या डोक्याखालची गॅस्केट गेली, आतल्या आत वाफ शिरते आहे. ते अख्खं डोकं उतरवलं. गॅस्केट नव्या नवरीसारखी निघाली. तो कंपनीकडून आलेला मिस्त्री, काँप्युटर लावून बघणारा, तो उघडायच्या आधीच म्हणाला होता की गॅस्केट ठीक आहे, आणि ठीकच होती. माणूस वाईट नाही. कामाचा आहे. मला त्याच्यावर राग काढायला जागा मिळाली नाही याचाच जास्त राग आला.

त्यानंतर शेडमध्ये माझं काय झालं ते तुला सांगायला नको, तूच तिथे होतीस. मी दारात दिसलो की कुणीतरी विचारायचं, काय बाबा, आज इंजिनाला ताप आहे का नुसती कणकण? दुसरा म्हणायचा, कपाळावर ओली पट्टी ठेवून बघा. मी हसायचो. मग एक दिवस मी मिस्त्रीच्या मागे उभा राहून त्याच्या खांद्यावरून हात घालून नळ्यांना हात लावत होतो. पाणी जिथून शिरतं तिथून सुरुवात करायची आणि जिथून बाहेर पडतं तिथपर्यंत हात लावत जायचं, तळहात नाही, हाताची मागची बाजू. कुठे गार संपतं आणि कुठे गरम सुरू होतं ते शोधायचं. मी तुला असंच शिकवलं होतं. माझं कोपर त्याला लागलं, त्याच्या हातातला पाना खाली पडला, आणि तू म्हणालीस, बाबा, घरी जा. ओरडून म्हणाली असतीस तर बरं झालं असतं. तू तर एखाद्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशी बोललीस. आणि वळून दारावरच्या माणसाला सांगितलंस, यांना आता आत सोडू नकोस. ‘यांना’ म्हणालीस. बाबांना नाही, यांना. दुसऱ्या दिवशी शेडला नवं आकड्यांचं कुलूप लागलं. माझी किल्ली अजून माझ्या खिशात आहे. उगाच वाजते.

मी तुझ्यावर चिडलो आहे हे तुला कळावं अशी माझी इच्छा आहे, म्हणून लिहितो. मी चिडलो आहे. ही बोट मी भंगारातून उचलली तेव्हा तिच्या तळाला माणूस जाईल एवढं भोक होतं. ती मी उभी केली, तुला तिच्यावर बसवलं, चालवायला शिकवलं, आणि तुझा हात माझ्यापेक्षा चांगला निघाला हे मी स्वतः चारचौघांत सांगितलं. तू जागच्या जागी बोट गरकन फिरवतेस आणि लोक किंचाळतात, ते मला कधी जमलं नाही, जमवायचं धाडसही झालं नाही. मी तुझ्या आड कधी आलो नाही. आणि आता मी ‘यांना’ झालो.

पण रागाने पत्र लिहिणारा माणूस मी नाही. रागात मला झोप लागते. झोप उडते ती काळजीने.

तू मला घरी पाठवलंस, पण घरात काय आहे? एक पलंग, नळाचं टपटपणं आणि खाली राहणाऱ्यांचा टीव्ही. म्हणून मी वरच्या पुलावर जाऊन उभा राहायला लागलो. नदीवरच्या त्या चालायच्या पुलावर, जिथे लोक फोटो काढायला थांबतात. तू चाचणीसाठी सराव करत होतीस. पुलाखालून आधी सावकाश जायचीस, मग सरळ पट्ट्यात पूर्ण वेग द्यायचीस. पुलावर उभ्या असलेल्या बापाकडे तू एकदाही वर बघितलं नाहीस. बघितलं असतंस तर मी हात केला असता, आणि मग मला खाली बघायचं सुचलं नसतं. तर मी खाली बघत राहिलो. बोटीच्या कुशीतलं ते भोक तुला माहीत आहे, इंजिनाला गार करून आलेलं पाणी जिथून बाहेर उडतं ते. लहानपणी तू ‘बोट शू करते’ म्हणायचीस, आणि मी धक्क्यावरून ओरडायचो, बघ गं, करते का? तुझी आई मला दटावायची, पोरीला काय शिकवताय म्हणून. तर ते पाणी. बोट हळू चालते तेव्हा ते कमी असतं, आणि वेग वाढला की पंपाचा जोर वाढतो, मग ते जाड होतं, दणकून लांब जातं. हे असंच असायला हवं. तुझ्या बोटीचं उलटं चाललं आहे. हळू चालवतेस तेव्हा धार चांगली करंगळीएवढी, आणि पूर्ण वेग दिलास की थोड्या वेळाने ती दोऱ्याएवढी होते. वेगात पाणी बारीक होतं. पुन्हा वेग कमी केलास की पुन्हा जाड.

मी ते एकदा बघितलं नाही. रोज बघितलं. आधी वाटलं माझा न पिकलेला डोळा मला फसवतो आहे, म्हणून तो झाकून दुसऱ्याने बघितलं. पुलावर फोटो काढणाऱ्या एका मुलीला विचारलं, बाई, ती पाण्याची धार तुला कशी दिसते? ती म्हणाली, आजोबा, कुठली धार? मला तर सगळीकडे पाणीच दिसतंय. तिचंही खरं आहे. वेगात एवढे तुषार उडतात की त्यात ती धार शोधायची म्हणजे नजर बसलेली हवी. माझी बसली आहे, पण माझी नजर आता साक्षीला चालत नाही.

मग मी विचार केला, असं का व्हावं? जाळी मोकळी. पंपाचा पंखा नवा. थर्मोस्टॅट नवा. शेडमध्ये बागेच्या पाइपने पाणी जोडून चालवलं की सगळं उत्तम, म्हणून मिस्त्रीलाही काही सापडत नाही. जे बिघडतं ते फक्त जोरात बिघडतं. मग राहिली एकच वस्तू, जिला कुणी हात लावला नाही, कारण ती चांगली दिसते. गाळणीपासून इंजिनापर्यंत जाते ती जाड, वाकडी रबरी नळी. बाहेरून काळीभोर, दाबली तर टणक. पण अशा नळीला आत एक अस्तर असतं, कोटाला असतं तसं. ते एका बाजूने सुटलं तर हळू पाण्यात गप्प पडून राहतं, आणि पाण्याचा जोर आला की जिभेसारखं उभं राहतं आणि वाट अडवतं. जोर गेला की पुन्हा आडवं. बाहेरून कितीही बघा, कितीही दाबा, कळायचं नाही. हे मी जावईबापूंना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, बाबा, म्हणजे ही चौथी का पाचवी? मी म्हणालो, चौथी. ते म्हणाले, बरं, लिहून ठेवतो. लिहून ठेवलं नसणार.

आता मिस्त्री काय म्हणतो तेही लिहितो, म्हणजे मी एकतर्फी बोललो असं व्हायला नको. तो म्हणतो, इंजिन तापतच नाही, उष्णता मोजणारा सेन्सर वेड्यासारखा जास्त दाखवतो. असेलही. नवा येईपर्यंत त्याने भोंग्याची वायर काढून ठेवली. तूच काढायला सांगितलीस, कारण पूर्ण वेगात भोंगा केकाटायला लागतो आणि उद्या साहेबांसमोर केकाटला तर पंचाईत. नदीखात्याचे साहेब लाइफ जॅकेट बघतात, आग विझवायचा सिलिंडर बघतात, कागद बघतात आणि मग स्वतः बसून एक फेरी मारतात. भोंगा त्यांच्या तपासणीत येतच नाही. तो कारखान्याने लावलेला नाही, मी माझ्या हाताने लावला होता. परवा धक्क्यावर तुला गाठून मी फक्त एवढंच म्हणालो होतो की मोसम जाऊ दे, परवाना जाऊ दे, भोंगा परत जोड. त्यावर तू पहिल्यांदा ओरडलीस. मोसम जाऊ दे? पलीकडच्या काठावरचा बोटवाला टपून बसलाय बाबा! आणि यांनी नोकरी कशावर सोडली? त्या वेळचे ‘यांनी’ म्हणजे जावईबापू होते. तुझं चुकलं नाही. उद्या बोट पाण्यात उतरली नाही तर या मोसमाचा परवाना पलीकडे जातो, आणि एकदा गेला की परत येत नाही. हे मला समजतं. मी मूर्ख आहे, पण व्यवहार कळत नाही असा मूर्ख नाही.

पण भिंगरी, उद्याची फेरी अरुंदातून जाते. दोन्ही बाजूंनी कातळ, मधे पाणी कापल्यासारखं धावतं. साहेब तिथेच घेऊन चल म्हणणार, दरवर्षी म्हणतात, तिथेच मजा आहे. आणि या बोटीला सुकाणू नसतं. हे मी तुला शिकवलं तेव्हा तुला ते गमतीचं वाटलं होतं. मागून पाण्याचा झोत सुटतो, तो झोत वळवला की बोट वळते. झोत आहे तोवर हिच्याएवढी शहाणी बोट नाही. इंजिन बंद पडलं की झोत बंद, आणि मग हातात जे चाक राहतं ते नुसतं खेळण्यातलं चाक. फिरवत बसा. मी फिरवलेलं आहे.

तू ती गोष्ट माइकवरून सांगतेस. मी ऐकलं आहे तुला, चहावाल्या बाईच्या बाकावर बसून. अरुंद जवळ आलं की तू बोट थोडी हळू करतेस आणि म्हणतेस, मंडळी, मी लहान असताना माझ्या बाबांनी मला इथे या दगडावर आपटायला आणलं होतं. इंजिन बंद, बाबांचा चेहरा पांढरा, आणि मी मात्र हसत होते, कारण आईने माझे डोळे झाकले होते, मला वाटलं लपाछपी चालली आहे. लोक हसतात. मग तू वेग देतेस आणि ते किंचाळतात. गोष्ट चांगली आहे, आणि तुला आठवतं तेवढं तू खरंच सांगतेस. मी कधी अडवलं नाही. पण मी बाकावरून उठून जातो, ते कुणाच्या लक्षात येत नाही.

त्या दिवशी काय झालं ते आता ऐक. तुझ्या आईने सांगू नका म्हटलं होतं आणि मी इतकी वर्षं पाळलं. आज मोडतो, तिची माफी मागून. त्या वेळी काटा मागे इंजिनाच्या पेटीवर होता, चालवणाऱ्याला दिसायचा नाही. इंजिन तापलं आणि न बोलता आवळून बसलं, बरोबर अरुंदाच्या तोंडाशी. बोट आडवी झाली आणि तुमच्या बाजूने कातळाकडे निघाली. मी चाक फिरवत होतो. तू काठाबाहेर डोकं काढून वाकून बघत होतीस, कारण तुला दगड जवळ येताना बघायचा होता. तुझ्या आईने तुला ओढलं, एका हाताने तुझे डोळे झाकले आणि दुसरा तुझ्या डोक्याच्या मागे धरला. दगडाच्या आणि तुझ्या डोक्याच्या मधे तो हात होता. उजवा. तू हसत होतीस तेव्हा तो सापडलेला होता. ती ओरडली नाही. खाली वाळूला लागल्यावर तिने तो हात पदराखाली लपवला, तुझ्या डोळ्यांवरचा हात काढला आणि म्हणाली, चल, आता उघड. घरी आल्यावर तुला सांगितलं की आईचा हात गाडीच्या दारात सापडला. मी तिला विचारलं, खोटं का? ती म्हणाली, पोरीला पाण्याची भीती बसेल. घरात तुम्ही एक घाबरट आहात तेवढे पुरे.

तू सगळ्यांना सांगतेस की तू आईवर गेली आहेस, आई डावखुरी होती, तूही डावखुरी. भिंगरी, तुझी आई डावखुरी नव्हती. ती उजव्या हाताने कापड कापायची, शिवायची, गावभरचे कपडे शिवून द्यायची. तू तिला डाव्या हाताने कापताना बघितलंस, कात्री अवघडून धरताना, ओळ वाकडी गेली की पुन्हा कापताना, ते सगळं नंतरचं. तुझ्यासमोर ती सहज करून दाखवायची. तू झोपलीस की मला म्हणायची, जरा ही बटणं लावून द्या. ते बघून तुला वाटलं ती अशीच जन्मली. तिला ते आवडलं होतं, म्हणून ती बोलली नाही. त्यानंतर मी काटा पुढे आणला आणि भोंगा लावला. मुद्दाम इतक्या घाण आवाजाचा निवडला. ती म्हणायची, काळजीवाहू सरकारचं राष्ट्रगीत. तोच भोंगा तू परवा बंद केलास. तुला माहीत नव्हतं, म्हणून तुला दोष देत नाही. खरं तर देतो. थोडा देतो. माझी भीती तुम्हाला हसायला पुरली, पण ती आली कुठून हे एकदाही कुणी विचारलं नाही.

आता पत्र कशासाठी लिहिलं ते सांगतो. चहावाल्या बाईकडे या पत्राबरोबर एक पिशवी आहे. ती तिला अजून द्यायला सांगू नकोस, आधी हे पुरं वाच. आज सकाळी उजाडल्यावर, तुम्ही यायच्या आधी, मी शेडमध्ये गेलो होतो. पुढे आकड्यांचं कुलूप लावलंत, पण नदीच्या बाजूला बोट उतरवायचा उतार आहे, तिथे दार नाही, पाणीच आहे. मी पाण्यातून चालत आलो. गुडघे अजून बोलताहेत. बोट गाड्यावर चढवलेली होती. मी क्लिपा सोडल्या आणि ती वाकडी नळी काढून आणली. म्हणजे उद्या बोट निघत नाही. तशी नळी इथे कुठे मिळत नाही, मागवावी लागते, आणि ती येईपर्यंत चाचणी कधीच होऊन गेलेली असेल. सरळ नळी आणून वाकवून बसवू नकोस, वाकेत ती चिमटेल आणि मग खरंच इंजिन जाईल. मिस्त्रीलाही सांग, तो ऐकेल. नळीत मी बोट घालून बघितलं. आत जिभेसारखं काहीतरी हललं. किंवा माझंच बोट हललं असेल, आता बोटांच्या टोकांना नीट कळत नाही. मी ती चिरून बघितली नाही. चिरायला घेतली होती. दोनदा घेतली. पण आत अस्तर धड निघालं तर मी तुझा धंदा बुडवला तो कशासाठी, हे मला माझ्या खोलीत एकट्याने बघवलं नसतं. आणि सुटलेलं निघालं तरी तू काय धावत येऊन माझे पाय धरणार आहेस असं मला वाटत नाही. परवाना गेलेला असेल. जावईबापू मधाळपणे काहीतरी बोलतील, आणि त्या वेळी त्यांचं बरोबरच असेल. म्हणून मी तुझ्या आत्याकडे निघालो आहे, दुपारच्या बसने. शोधू नका, ती मला जेवायला घालेल. नळी तू चीर. आत जे असेल ते तू बघ, मला कळवलं नाहीस तरी चालेल. पिशवीत तुझ्या आईची कात्री ठेवली आहे, तिची पहिली, त्या दिवसानंतर तिने कधीच न उचललेली. मी तिला दरवर्षी तेल देत आलो. ती उजव्या हाताची आहे, तुला अवघड जाईल. रबर जाड आहे, आणि कात्रीला अजून धार आहे. हात सांभाळ.

तुझाच, आणि तू ‘यांना’ म्हणालीस तरी तुझाच,

बाबा